वाचकांचे प्रश्न : सिंधमधून आलेल्या बायकांचा इंग्रजी वर्ग

प्रश्न : नागपुरात आमच्या जरीपटक्यात पाकिस्तानातल्या सिंध प्रांतातून आलेली बरीच हिंदू कुटुंबे राहतात. त्यांतल्या काही बायकांसाठी आम्ही दुपारी इंग्रजीचा वर्ग घेतो. एबीसीडी तोंडपाठ झाली, पण साधी पाटी वाचता येत नाही. ‘बँक’ लिहिताना काहीजणी मधला ‘ए’ गाळतात. काय करावे?

उत्तर : एबीसीडी पाठ झाली म्हणून वाचन येत नाही. ‘सी, ए, टी’ अशी अक्षरांची नावे घेत गेले, तर त्यातून ‘कॅट’ कसे ऐकू येणार? नावे काही आठवडे बाजूला ठेवा आणि आवाज शिकवा. सुरुवात एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांनी करा. एवढ्यात पिन, पॅन, टिन, टॅप, सिट हे शब्द होतात आणि पहिल्याच आठवड्यात बाई स्वतः शब्द वाचते. बी आणि डी मात्र एकत्र शिकवू नका. स्मॉलमध्ये ती एकमेकांची उलटी दिसतात. बी पक्के झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी डी घ्या.

आता गळणारा ‘ए’. सिंधमध्ये शाळेत गेलेली बाई अरबी वळणाची, 52 अक्षरांची सिंधी लिपी शिकलेली असते. ती उजवीकडून डावीकडे जाते, तिच्यात कॅपिटल-स्मॉल नाही आणि ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. म्हणजे ही चूक निष्काळजीपणाची नाही, रागावण्याचे तर कारणच नाही. शब्द सावकाश म्हणायला लावा आणि प्रत्येक आवाजाला एक चिंचोका मांडा : ब्, ॲ, न्, क्. चार चिंचोके झाले, मग वहीत अक्षरे तीनच का? गाळलेली जागा तिची तिलाच सापडते.

दिशा बसवायला आकडे फार उपयोगी पडतात, कारण सिंधी लिपीतही संख्या डावीकडूनच लिहितात. तिचा स्वतःचा मोबाइल नंबर लिहून घ्या. तिथले शून्य नुसत्या टिंबासारखे असते, तेवढे वेगळे दाखवा. वही चार रेघांचीच द्या, नाहीतर पी आणि वायच्या शेपट्या ओळीवर चढतात. चाळिशीच्या पुढची बाई वही लांब धरत असेल, तर आधी जवळचा चष्मा लागतो का ते बघा. दिसत नसल्यामुळे अडलेल्या बाईला ‘हिला जमत नाही’ म्हटले जाते, हे फार वाईट.

जिला कुठलीच लिपी येत नाही, तिला याच गटात बसवू नका. तिला पेन्सिल धरण्यापासून सुरुवात करावी लागते. शेजारीण भराभर वाचते आहे हे पाहून ती आठवड्याभरात येणे बंद करते. आमच्या मते तिने आधी देवनागरी शिकावी. हिंदी तिला बोलून समजते, त्यामुळे वाचलेल्याचा अर्थ लगेच लागतो. इंग्रजी आकडे, सही आणि फॉर्मवर नाव एवढे मात्र सोबत चालू ठेवा.

प्रश्न : वर्गात कुठला मजकूर वाचायला द्यावा?

उत्तर : मुलांची चित्रांची पुस्तके नकोत, मोठ्या बाईला ते अपमानाचे वाटते. इंदोरा चौक ते सीताबर्डी या वाटेवरच्या मेट्रो स्टेशनांची नावे घ्या. पाटीवर देवनागरीही असते, म्हणून पडताळा तिथेच मिळतो. औषधाची रिकामी पाकिटे आणायला सांगा. एमएफजी (औषध बनवल्याची तारीख) आणि ईएक्सपी (मुदत संपण्याची तारीख) यांतला फरक, महिन्यांची तीन-तीन अक्षरे आणि पुढचे वर्ष, एवढ्यावर दोन तास सहज जातात. ईएक्सपीपुढे नुसता महिना असेल, तर औषध त्या महिन्याच्या अखेरपर्यंत चालते. गोळ्या नेहमी दुसऱ्या टोकाकडून काढायच्या, म्हणजे ही तारीख फाटून जात नाही.

प्रश्न : कॅपिटल आधी की स्मॉल?

उत्तर : वाचायला स्मॉल, नाव लिहायला कॅपिटल, कारण बँकेच्या आणि सरकारी फॉर्ममधल्या चौकटींत कॅपिटलच मागतात. नावाचे स्पेलिंग तिच्या पासपोर्टावरून जसेच्या तसे उतरवून घ्या. ते तुम्हाला चुकीचे वाटले तरी सुधारू नका. एका अक्षराचा फरक पडला, तरी व्हिसाच्या मुदतवाढीला आणि पुढे नागरिकत्वाच्या अर्जाला अडचण येते. आणि पासपोर्टाची झेरॉक्स वर्गात जमा करून घेऊ नका. मूळ कागद बघून तिने लिहावे आणि लगेच आपल्या पिशवीत ठेवावा.