आधी रजिस्टर उघड

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं. नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या कारखान्यात एचआरला रुजू झालास, पावणेदोनशे माणसं, त्यात बायका चोवीस. मालकांनी पहिल्याच महिन्यात काम दिलं: आपल्याकडे बाई म्हणून कुणाला डावललं जातं का, बघून सांग. तू जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांशी बोललास आणि सगळीकडून एकच उत्तर आलं, "कायले होईन भाऊ? आपल्या इथं तसं काई नाई." बायकाही हेच म्हणाल्या. म्हणून आता तू विचारतोस, हा भेदभाव खरंच असतो की नुसता बोभाटा आहे?

असतो. तू तो माणसांच्या बोलण्यात शोधतोयस, तिथे तो मिळणार नाही. तुझे सुपरवायझर खोटं बोलत नाहीत. कुणाचं वाईट करायचं त्यांच्या मनातही नसतं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांत विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांना प्रयोगशाळेतल्या नोकरीसाठी एक अर्ज दाखवला गेला. काहींच्या प्रतीवर नाव जॉन, काहींच्या प्रतीवर जेनिफर, बाकी शब्दन् शब्द तोच. जॉन जास्त लायक ठरला आणि त्याला देऊ केलेला पगारही जास्त निघाला. बाई प्राध्यापकांनीही तेच केलं. त्यामुळे पुरुष विरुद्ध बाई असा सामना डोक्यात धरून कामाला लागू नकोस, पहिल्याच बैठकीत दोन तट पडतील.

दुसरा दाखला आपल्या देशातला. पश्चिम बंगालच्या गावांत लोकांना एकच भाषण ऐकवलं, कुठे पुरुषाच्या आवाजात, कुठे बाईच्या. ज्या गावांनी कधी बाई प्रधान (म्हणजे आपल्याकडचा सरपंच) पाहिली नव्हती, तिथल्या पुरुषांना बाईच्या तोंडचं तेच भाषण कमी दर्जाचं वाटलं. राखीव जागेमुळे जिथे बाईने कारभार केला होता, तिथे हा फरक जवळजवळ पुसला गेला. २००९ साली हा अभ्यास छापून आला. त्यातली खरी गंमत पुढे आहे: 'पुढारी पुरुषच बरा' ही आवड त्या गावांतही तशीच राहिली. आवड जागेवर राहिली आणि कामाची पारख मात्र सुधारली. लोकांची मनं बदलेपर्यंत थांबायची गरज नाही, हे मी त्यावरून सांगते. कामाची पद्धत बदलता येते, आणि ती तुझ्या हातात आहे.

आता रजिस्टर. गेल्या तीन वर्षांच्या भरतीच्या फायली काढ. एकाच वर्षाच्या काढू नकोस, आकडे लहान पडतात आणि एक-दोन माणसांनी टक्केवारी उलटीपालटी होते. प्रत्येक पदासाठी चार रकाने कर: अर्ज किती, मुलाखतीला किती, निवड किती, वर्षभरानंतर टिकले किती. बाई आणि पुरुष वेगवेगळे. समज, पुरुषांचे १०० अर्ज आले आणि बायकांचे ४०. मुलाखतीला बोलावले ५० पुरुष आणि २० बायका. इथवर दोघांचंही प्रमाण निम्मं, म्हणजे अर्ज छाननारा माणूस सरळ आहे. निवडले २० पुरुष आणि ३ बायका. मुलाखत दिलेल्या पुरुषांपैकी ४० टक्के आत आले, बायकांपैकी १५ टक्के. गळती मुलाखतीच्या खोलीत आहे. अशा वेळी जाहिरातीत 'महिलांना प्राधान्य' लिहून काही होत नाही. जास्त बायका येतील आणि त्याच खोलीतून परत जातील.

उलटही होऊ शकतं. अर्जच मुळी पाच आले असतील तर मुलाखत घेणाऱ्यांवर ठपका ठेवू नकोस, कंपनीची गाडी कुठून कुठे जाते ते बघ. खापरीपर्यंत मेट्रो आहे, पुढे गेटपर्यंत काय आहे? दुसरी पाळी सुटल्यावर इतवारीत राहणारी मुलगी घरी कशी पोचणार? प्रत्येक फरकामागे भेदभाव असतोच असं नाही. जो सगळ्या फरकांना एकच नाव देतो, त्याचं पुढच्या बैठकीत कुणी ऐकत नाही.

मुलाखतीची खोली दुरुस्त करणं त्यामानाने सोपं आहे. प्रश्न आधी ठरवून लिहून काढ, सहा पुरेत. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. प्रत्येक प्रश्नाला पाचपैकी गुण, आणि ते पुढचा प्रश्न विचारायच्या आत लिहायचे. तिघे मुलाखत घेत असतील तर तिघांचे कागद वेगळे, आणि गुणांची बेरीज होईपर्यंत चर्चा बंद. हे मोडतं ते ठरलेल्या जागी. उमेदवार बाहेर पडला की सगळ्यात वरिष्ठ साहेब म्हणतात, "पोरगी हुशार आहे, पण टिकेल का?" आणि उरलेले दोघे पेन्सिलने लिहिलेले गुण खोडतात. म्हणून पेन दे. कागद गोळा झाल्याशिवाय साहेबांनी बोलायचं नाही, हेही साहेबांना आधीच एकांतात सांग, चारचौघांत नको. 'लग्न कधी करणार', 'मिस्टरांची बदली झाली तर' हे प्रश्न काढून टाक. त्यामागची खरी शंका रात्रपाळीची असते, तर तीच विचार: रात्रपाळी महिन्यात इतकी येते, जमेल का? मुलालाही तेच विचारायचं.

पगाराकडे येऊ. मूळ पगारात तुला बहुतेक काही सापडणार नाही. फरक लपतो तो पदनामात. तुमच्या पॅकिंगला एक पूर्ण पाळी उभा राहा. पाकिटं बंद करणाऱ्या सीलिंग मशीनवरची बाई बघ: ती मशीनच्या जबड्याचं तापमान बघते, बॅच नंबर आणि तारखेचा शिक्का बदलते, हवा धरलेली पाकिटं बाजूला काढते, रोल संपत आला की मशीन थांबवते आणि नवा चढवते. मग पगारपत्रकात तिचं पद बघ. अनेक ठिकाणी तिथे 'हेल्पर' लिहिलेलं असतं, म्हणजे किमान वेतनाच्या हिशेबात ती अकुशल. तिच्यामागे माल ओढणारा मुलगा मात्र अर्धकुशल. का? तर 'तो जड काम करतो' म्हणून. समान वेतनाचा कायदा १९७६ चा, पुढे तो २०१९ च्या वेतन संहितेत सामावला. दोन्हींत शब्द 'समान किंवा समान स्वरूपाचं काम' असाच आहे. संहितेने कसोटीही सांगितली आहे: कौशल्य, मेहनत, अनुभव, जबाबदारी. जड वजन ही मेहनत झाली, उरलेले तीन रकाने कुठे गेले? दर पदाला हे चार रकाने भर, आणि भरताना रकान्यावर पदनाम लिहू नकोस, नुसता आकडा दे. सुपरवायझरला ओळखू आलं की तो जुन्याच श्रेणीला जुळेल असं भरतो.

ओव्हरटाइमही बघ. तो दुपारी चार वाजता तोंडी सांगतात की आदल्या दिवशी यादी लावतात? सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची त्यावर रोजची सरासरी २८९ मिनिटं निघाली, ते करणाऱ्या पुरुषाची ८८. चार वाजता विचारलं तर 'नाही' कोण म्हणणार, ते या दोन आकड्यांतच आहे. मग वर्षभराने म्हणतात, बायकांना ओव्हरटाइम नकोच असतो. यादी आदल्या दिवशी लाव आणि दोन महिने नोंद ठेव.

मालक एक वाक्य हमखास काढतील: "बाई घेतली की सव्वीस आठवडे पगार." त्याला उत्तर तयार ठेव. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेली बाई ईएसआयसीखाली (कर्मचारी राज्य विमा महामंडळ) येते आणि वर्गणीच्या दिवसांची अट पूर्ण झाली असेल तर तिचे बाळंतपणाचे सव्वीस आठवडे ईएसआयसी देते, कंपनी नाही. तुमच्या शॉप फ्लोअरवरच्या बहुतेक जणी त्यात बसत असतील. त्यावरच्या पगाराला खर्च कंपनीचा, हे मात्र खरं, आणि इथे कायद्याची रचनाच थोडी फसलेली आहे असं माझं मत. ज्याचा खर्च एकट्या मालकावर, ते मालक टाळणार. पाळणाघराचं बघ. जुन्या कारखाना कायद्यात ३० पेक्षा जास्त बायका झाल्या की पाळणाघर लागू व्हायचं, म्हणजे एकतिसावी बाई न घेण्यात मालकाचा फायदा. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने मोजणी बदलली: एकूण ५० कर्मचारी, मग बायका कितीही असोत. टाळण्यात आता फायदा उरला नाही. तुमच्याकडे पावणेदोनशे माणसं आहेत, त्यामुळे 'बायका चोवीसच आहेत, आपल्याला लागू नाही' असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे.

अंतर्गत समितीची फाईलही उघडून बघ. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा दहा माणसांपासून लागू होतो, आणि समिती नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड. अध्यक्ष वरिष्ठ बाई, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या सदस्य बायका, एक सदस्य बाहेरचा. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार, चौकशी ९० दिवसांत. कागदावर हे बहुतेक ठिकाणी असतं. बिघडतं ते असं: सदस्यांची मुदत तीन वर्षांची, ती संपून गेलेली असते आणि कुणाच्या लक्षात नसतं. बाहेरच्या सदस्य मालकांच्या ओळखीतल्या असतात. अध्यक्षबाई ज्या साहेबाच्या हाताखाली आहेत त्याच्याविरुद्धच तक्रार येते. आणि कंत्राटदाराकडच्या सफाईवाल्या बाईला कुणी सांगितलेलंच नसतं की ही समिती तिचीही आहे.

एक गोष्ट कुठल्याच रजिस्टरात नसते. कंपनीचा वर्धापन दिन आला की मंचावर बघ. खुर्च्यांवर कोण, आणि शाल-श्रीफळाचं तबक धरून बाजूला कोण उभं? सुरेश भट सभागृहातला मोठा सोहळा असो की तुमच्या कँटीनमधला केक, तबक धरायला इंजिनीअर मुलगीच सापडते. तेवढा वेळ ती मशीनवर नसते आणि अप्रेझलमध्ये तिच्यापुढे 'मनमिळाऊ' लिहिलं जातं, तर त्याच कामाच्या मुलापुढे 'नेतृत्वगुण'. पाहुण्यांची सरबराई, बैठकीचं टिपण, वर्गणी गोळा करणं यांची पाळीपाळीने यादी कर, आडनावाच्या अक्षरक्रमाने. पहिल्या खेपेला मुलं हसतील, दुसऱ्या खेपेला विसरतील. तिसऱ्या खेपेपर्यंत पाठपुरावा तुला करावा लागेल.

आणि हो, "आता तर पोरी सगळीकडे पुढे आहेत, आपल्या दिव्या देशमुखने बुद्धिबळाचा विश्वचषक नाही का आणला" हे ऐकावं लागेलच. जुलै २०२५ मध्ये बातुमीला ती जिंकली याचा नागपूरकर म्हणून मलाही अभिमान आहे. पण त्यावरून तुमच्या सीलिंग मशीनवरचं पदनाम कसं ठरणार? पुरुषांवर अन्याय होतच नाही असंही नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे, खासगी कारखान्यात तशी कायद्याने नाही. मूल आजारी म्हणून सुट्टी मागणाऱ्या फिटरला "बायको नाही का घरी?" असं विचारतात. हीही नोंद कर. मालकांच्या पुढे तुझा कागद जड होईल तो अशा नोंदींमुळे.

समाजाने काय करावं, असा तुझा दुसरा प्रश्न आहे. त्याचं एक उत्तर याच गावात मिळालेलं आहे. जुलै १९४२ मध्ये नागपुरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, बाबासाहेब आंबेडकरांनी भाषण केलं. त्यातले ठराव काढून वाच. बायकांना मान द्या, असं म्हणून त्या थांबल्या नाहीत. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेतल्या कामगार बायकांना रजा हवी, गिरण्यांतल्या बायकांच्या खात्यांवर देखरेखीला बाईच नेमावी, घटस्फोटाचा हक्क हवा, असं एकेक मागणं नेमकं लिहिलं. ज्या मागणीची अंमलबजावणी झाली की नाही हे वर्षभराने तपासता येतं, तिलाच मी उपाय म्हणते. महिला दिनाचं गुलाबाचं फूल त्यात बसत नाही.

घरचंही एक. तुझ्या बहिणीचं लग्न ठरलंय असं लिहिलंस. मौद्याच्या शेतीचा विषय लवकरच निघेल आणि कुणीतरी काका म्हणतील, "हक्कसोडपत्रावर सही करून टाक बाई, भाऊ काय परका आहे?" हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलगी जन्मापासून वाटेकरी आहे, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २००५ मध्ये वडील हयात असण्याची अटही नाही. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मागे घेणं फार कठीण असतं. सही तिची असली तरी कागद तुझ्या नावाने होतो, तेव्हा 'मला नको' असं आधी तूच म्हणू शकतोस. सातबारावर तिचं नाव राहिलं म्हणून भाऊबीज थांबत नाही.

कामाचा क्रम असा ठेव. भरतीच्या फायली आधी माग, हजेरीपट नंतर, पगारपत्रक सगळ्यात शेवटी. ते पहिल्याच दिवशी मागितलंस तर अकाउंट्सवाले दार लावून घेतील. मालकांना पानभरच दे: सगळ्यात मोठी गळती कुठे, ती बुजवायला कोणती एक पद्धत बदलायची, कोण बदलणार, कोणत्या तारखेपर्यंत. सहा महिन्यांनी तेच रकाने पुन्हा भरायचे हेही त्याच पानावर लिही, आणि हे पान मार्चमध्ये नेऊ नकोस, फुलांच्या ऑर्डरीखाली दबून जाईल.

भरतीचा तक्ता झाला की नावं खोडून पाठव. रकाने कुठे चुकलेत ते बघून कळवते.

तुझी,
ताई