हिवाळ्याआधी लॉनला खत घालावं का, झाडं छाटावीत का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: थंडी महिनाभरावर आलीय, तर लॉनला सढळ हाताने खत द्यायचं का, आणि बागेतली झाडं आत्ताच छाटून घ्यायची का. बागकाम हा माझा जुना नाद, त्या जोरावर सांगतो. छाटणी आता नको. आणि खताचं म्हणाल, तर ते गवत कुठलं आहे त्यावर ठरतं.

लॉनच्या गवताचे ढोबळ दोन गट आहेत. हरळी (म्हणजे बर्म्युडा) आणि झॉयशिया ही उन्हाळी गवतं. माती साधारण १० ते १२ अंश सेल्सिअसच्या खाली गेली की त्यांची वाढ थांबते, पाती तपकिरी पडतात आणि ऊब परतेपर्यंत तशीच राहतात. राय, फेस्क्यू, ब्लूग्रास या थंडीच्या गवतांना मात्र १५ ते २४ अंशांची हवा मानवते. उन्हाळी गवताला आता युरिया दिलात तर कोवळी, पाणीदार पाती फुटतील आणि पहिल्याच कडाक्यात करपतील. थंडीच्या गवताला याच दिवसांत थोडं नत्र चालतं, कारण वरची वाढ मंदावली तरी त्याची मुळं कामात असतात. आपलं गवत कुठलं ते ठाऊक नसेल तर गेल्या हिवाळ्यात ते कसं दिसत होतं ते आठवा. तपकिरी पडलं होतं? मग युरियाची पिशवी बंदच ठेवा.

कापणी वाढ थांबेपर्यंत चालू राहू दे, फक्त एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नका. उन्हाळी गवत शेवटच्या वेळी किंचित उंच ठेवावं. जिथे बर्फ साचतो तिथे थंडीचं गवत फार वाढू देऊ नये, ते बर्फाखाली आडवं पडून बुरशी धरतं. पानगळीचा जाड थरही तसाच लॉनवर सोडू नका, खाली ऊन-वारा पोचत नाही. पण तो जाळूही नका! झाडांच्या बुडाशी पाच-सात सेंटिमीटर पसरा, खोडाला मात्र टेकवू नका; ओल धरून साल कुजते.

आता छाटणी. फांदी कापली की झाड नवे फुटवे काढायला लागतं, आणि थंडीचा तडाखा सर्वांत आधी त्या फुटव्यांनाच बसतो. वाळलेल्या, रोगट, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा. बाकीची कात्री कडाका ओसरेपर्यंत बाजूला. ज्या झुडपांना वसंतात लवकर फुलं येतात त्यांना तर तेव्हाही हात लावू नका. त्यांच्या कळ्या आधीच्या हंगामातल्या फांद्यांवर तयार झालेल्या असतात, म्हणून त्यांची छाटणी फुलं येऊन गेल्यावर.

गोठवणाऱ्या रात्रींबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण खरं नुकसान तिथेच होतं. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमिनीतली ऊब सरळ वर निघून जाते. ढगाळ रात्री ती बरीचशी अडते. म्हणून निरभ्र, वारा पडलेल्या रात्रीचा अंदाज असेल तर आदल्या दिवशी मातीला पाणी द्या. ओली माती कोरडीपेक्षा जास्त ऊब साठवते आणि रात्रभर ती हळूहळू सोडत राहते. नाजूक झाडांवर जुनी चादर टाका आणि तिच्या कडा जमिनीपर्यंत आणून दगडांनी दाबा. नुसती शेंड्यावर टोपी घातल्यासारखी टाकली तर उपयोग नाही, कारण अडवायची असते ती मातीतून येणारी ऊब. प्लॅस्टिक पानांना टेकलं की तिथली पानं करपतात, त्यामुळे कापडच बरं. सकाळी ऊन आलं की काढून घ्या. पाती गोठलेली असताना लॉनवर पाय ठेवू नका, पात्यातल्या पेशी फुटतात आणि नंतर पावलांच्या आकाराचे तपकिरी डाग दिसतात.

एरवी पाण्याच्या पाळ्या कमी करा, कारण थंडीत माती लवकर सुकत नाही. बोट खुपसून पाहायचं, दोन इंच खोलवर कोरडं लागलं तरच पाणी, तेही सकाळी. सदाहरित झाडांना मात्र विसरू नका. त्यांची पानं हिवाळ्यातही पाणी सोडत असतात.

कुंड्यांमधल्या मुळांना थंडी चारही बाजूंनी लागते, त्यामुळे जमिनीतलं झाड तगतं त्या थंडीत तेच झाड कुंडीत मरू शकतं. कुंड्या भिंतीच्या आडोशाला एकमेकींना चिकटवून ठेवा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, म्हणून मातीच्या कुंड्या तडकतात आणि नळ्याही फुटतात. कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या करा, बागेचा पाइप नळावरून काढून त्यातलं पाणी सांडून टाका आणि गुंडाळून आत ठेवा.