मोजक्याच साइट्स आपल्या सर्व्हरवरून

प्रश्न : भाड्याचा लिनक्स सर्व्हर आहे. फायरफॉक्समध्ये दोन-तीनच साइट्स त्यावरून उघडायच्यात, बाकी सगळं घरच्या ब्रॉडबँडवरून. व्हीपीएन लागेल का?

उत्तर : तो खटाटोप कशाला? एसएसएच, म्हणजे सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करणारी आज्ञा, पुरतं. जोडणी करताना कॅपिटल ‘डी’ पर्याय आणि १०८० पोर्ट द्या. तुमच्याच संगणकावर सॉक्स प्रॉक्सी, म्हणजे ट्रॅफिक सर्व्हरकडे पोचवणारा मध्यस्थ, उभी राहते. कोणती साइट कुठून जाणार ही निवड होते पॅक फाइलमध्ये, म्हणजे पाच-सात ओळींच्या जावास्क्रिप्टमध्ये : डोमेन यादीत असेल तर ‘सॉक्स५ १२७.०.०.१:१०८०’, नसेल तर ‘डायरेक्ट’, म्हणजे थेट घरच्या ब्रॉडबँडवरून. यातला ५ गाळू नका. नुसत्या ‘सॉक्स’ला फायरफॉक्स जुनी चौथी आवृत्ती समजतो. यादीतल्या साइट्सना पर्याय म्हणून अर्धविरामापुढे ‘डायरेक्ट’ही जोडू नका. जोडणी तुटली की ट्रॅफिक गुपचूप घरच्या आयपीवरून जाईल, आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

फायरफॉक्सच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये या फाइलचा पत्ता द्या. तिथेच डीएनएस (साइटच्या नावावरून आयपी शोधणारी विचारणा) प्रॉक्सीवरून पाठवण्याच्या चौकटीत खूण असू द्या. जोडणी रिकामी राहून तुटत असेल तर एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये ‘सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ६०’ टाका.

साइट उघडते पण व्हिडिओ अडतो? तो बहुधा वेगळ्याच डोमेनवरून येतोय. एफ१२ दाबा, नेटवर्क टॅबमध्ये ते नाव शोधा आणि यादीत घाला.