विश्वासू गाडी विकून टर्बो घ्यावी का?

प्रश्न : माझी १.२ लिटरची साधी पेट्रोल गाडी ९ वर्षांची आहे आणि १,०५,००० किलोमीटर चालली आहे. एकदाही रस्त्यात बंद पडलेली नाही. पण ओव्हरटेक करताना आणि चढावर तिचा जीव जातो. याच मॉडेलची टर्बो इंजिनवाली (एक्झॉस्टच्या जोरावर फिरणाऱ्या पंख्याने इंजिनात जास्त हवा ढकलणारी) गाडी सेकंडहँड मिळते आहे. बदलू का?

उत्तर : आधी गाडीची मूळ ताकद शाबूत आहे का, ते बघा. एवढ्या रनिंगनंतर पिकअप कमी वाटण्यामागे बहुतेकदा किरकोळ गोष्टी असतात : तुंबलेला एअर फिल्टर, झिजलेले स्पार्क प्लग, अडकून राहणारा ब्रेक, नाहीतर घसरणारा क्लच. क्लच तपासायला मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ५० च्या वेगाला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा झपकन वर गेला आणि वेग मात्र मागेच राहिला, तर क्लच प्लेट संपली आहे. ब्रेक अडकत असेल तर दहा-पंधरा मिनिटांच्या फेरीनंतर एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेले लागते.

हे सगळे ठीक असेल तर थोडा हिशेब करू. टॉर्कला (इंजिनाचा फिरवण्याचा जोर, न्यूटन-मीटरमध्ये) आरपीएमने गुणून ९,५४९ ने भागले की ताकद किलोवॅटमध्ये मिळते. २,००० आरपीएमला तुमचे इंजिन साधारण १०५ न्यूटन-मीटर देते असे धरले, तर हातात येतात २२ किलोवॅट. त्याच आरपीएमला २०० न्यूटन-मीटर देणारा टर्बो ४२ किलोवॅट देतो. टेस्ट ड्राइव्हमध्ये माणूस भुलतो तो यालाच. मात्र तुमचेच इंजिन ५,००० आरपीएमपर्यंत नेले तर टॉर्क तेवढाच धरूनही ५५ किलोवॅट निघतात. ओव्हरटेक करताना तुम्ही चौथ्यातच राहत असाल, तर महिनाभर तिसऱ्यात उतरून बघा. साधे इंजिन आरपीएमवरच पळते, आणि लाल रेषेच्या आत राहिले तर त्याला काही होत नाही.

तरीही मन भरले नाही तर टर्बो जरूर घ्या. आनंद खरा आहे. फक्त जुन्या गाडीने जी हयगय खपवून घेतली, ती टर्बो खपवून घेणार नाही. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ऑइल उशिरा बदलले की ते उष्णतेने जळून कडक होते, बारीक वाहिन्या बुजतात आणि बेअरिंग जाते. ऑइल कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचे हवे. डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणारी रचना) असेल आणि कंपनीची मुभा असेल तर एपीआय एसपी दर्जाचे. वरच्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायची सवयही सोडा. साध्या इंजिनात तेवढ्याने फार तर टकटक होते. टर्बो डायरेक्ट इंजेक्शनमध्ये ठिणगीआधीच इंधन पेटून पिस्टन फुटू शकतो. शिवाय अशा इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडते, इनटेक व्हॉल्व्ह त्याने धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर कार्बन साचतो. कधीतरी ती साफसफाई करावी लागते, तिचा खर्च आधीच धरा.

प्रश्न : जुनी टर्बो गाडी बघायला जाताना नेमके काय तपासायचे?

उत्तर : गाडी थंड हवी. मालकाला आधीच सांगून ठेवा आणि पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. बॉनेट गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या, कारण एक महागडा दोष पहिल्या काही सेकंदांतच बोलतो : स्टार्ट करताच साखळी वाजल्यासारखी खडखड आली आणि मग थांबली, तर टायमिंग चेन (व्हॉल्व्हची उघडझाप इंजिनाच्या फेऱ्यांशी जुळवणारी साखळी) किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर संशयास्पद.

मग इंजिन तापू द्या, पाच मिनिटे आयडलवर ठेवा आणि एकदा रेस द्या. निळसर धूर आला तर ऑइल जळते आहे : टर्बोचे सील किंवा व्हॉल्व्हचे सील. पांढरा धूर गरम इंजिनातही टिकला आणि त्याला गोडसर वास असला, तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधले सील) गेल्याचा संशय, तिथून निघा. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या भागाच्या) पाइपात ऑइलचा हलका ओलावा चालतो, साचलेले ऑइल चालत नाही.

रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये २,००० आरपीएमपासून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या. जोर सलग वाढायला हवा. फुसफुस म्हणजे पाइप गळतो. सायरनसारखा चढता आवाज असेल तर बेअरिंग झिजल्याचा संशय धरा. ड्युअल क्लच गिअरबॉक्स (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) असेल तर चढावर अगदी हळू चालवा. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर जाणवली तर क्लचचा खर्च समोर आहे.

स्कॅनर (गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचणारे यंत्र) लावताना केवळ फॉल्ट कोड बघू नका, रेडिनेस मॉनिटरही (गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या की नाही ते दाखवणाऱ्या नोंदी) बघा. कोड एकही नाही, पण बरेच मॉनिटर ‘अपूर्ण’ दिसतात, म्हणजे कोणीतरी नुकतेच कोड पुसले आहेत किंवा बॅटरी काढली होती. मालकाला विचारा, दोन-तीन दिवस चालवून झाल्यावर पुन्हा स्कॅन करा.

रीमॅप केलेली (इंजिनाच्या संगणकाचे प्रोग्रॅमिंग बदलून ताकद वाढवलेली) गाडी ओळखणे अवघड असते. मोठा एअर फिल्टर, बदललेला सायलेन्सर, पाइपांवर कंपनीचे नसलेले क्लॅम्प दिसले तर वाढवलेल्या ताकदीचा ताण क्लचने सोसला आहे असे समजा. ब्रेक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, डिस्क मोजून तिच्याशी ताडून घ्या. टायरवरच्या तारखेचे चार आकडे वाचा : २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. चारही टायर जुने असतील तर तेवढी रक्कम किमतीतून वजा.

प्रश्न : माझी गाडी विकण्याआधी डेंटिंग-पेंटिंग करून घेऊ का?

उत्तर : नको. नवा रंग दिसला की जाणकार गिऱ्हाईक अपघात शोधायला लागतो. वायपर, बल्ब, बॅटरी अशा स्वस्त गोष्टी दुरुस्त करा, सर्व्हिसची बिले तारखेनुसार लावा आणि माहीत असलेला दोष स्वतः सांगा. इंजिन धुऊन चकाचक करू नका, गळती लपवली असे वाटते. टर्बोची तपासणी होऊन सौदा पक्का होईपर्यंत जुनी गाडी हातची घालवू नका. टर्बो गाडीच्या विम्याचा हप्ताही आधी विचारून घ्या, तो बराच जास्त निघू शकतो. विकताना पूर्ण पैसे खात्यात जमा झाल्यावर आणि नाव बदलण्याच्या कागदांवर सह्या झाल्यावरच किल्ली द्या.