वाचक विचारतात : शिडाच्या होडीने चेसापीक उपसागरातून फ्लोरिडाला

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त, मेरीलँडला राहतो. होडी ३८ फुटी, पाण्याखाली ५ फूट, डोलकाठी पाण्यापासून ५८ फूट. थंडीआधी फ्लोरिडाकडे निघायचं आहे. समुद्रातून जावं की आतल्या मार्गाने? किती दिवस धरावेत?

उत्तर : आतून जा. नॉर्थ कॅरोलायनातल्या हॅटेरस भूशिराबाहेर गल्फ स्ट्रीम हा समुद्रप्रवाह उत्तरेकडे वाहतो. थंडीत उत्तरेचा वारा सुटला की तो थेट या प्रवाहाच्या तोंडावर येतो आणि लाटा उंच, आखूड, उभ्या होतात. दोघांनीच रात्रंदिवस सुकाणू सांभाळायचं असेल तर पहिल्या खेपेला हे नकोच.

आतला मार्ग म्हणजे इंट्राकोस्टल वॉटरवे, किनाऱ्यालगत आतून जाणारा जलमार्ग. तो व्हर्जिनियातल्या नॉरफोकला शून्य मैलावर सुरू होतो. मायामी साधारण १०९० मैलांवर. हे मैल जमिनीवरचे आहेत, सागरी नव्हेत. म्हणून होडीचा वेग ५.५ नॉट (तासाला सागरी मैल) धरला तर तासाला सव्वासहा मैल. नोव्हेंबरात उजेड कमी आणि पूल उघडण्याची वाट पाहावी लागते, तेव्हा दिवसाला ४५ मैलच धरा. नुसत्या चालण्याचे २४ दिवस होतात. सोबत वाऱ्यापावसाचे धरून सहा आठवडे मोकळे ठेवा. ‘अमुक तारखेला पोचतो’ असं मुलांना कळवू नका. त्या तारखेपायीच लोक नको त्या हवेत नांगर उचलतात. चक्रीवादळांचा हंगाम ३० नोव्हेंबरपर्यंत असतो. दक्षिणेला कधीपासून जाता येईल ही अट विमापत्रात आधी वाचा.

बहुतेक न उघडणाऱ्या पुलांची उंची ६५ फूट आहे. नॉर्थ कॅरोलायनातला विल्कर्सन पूल ६४ फूट. तिथे भरती-ओहोटी जवळपास नाही, पण वाऱ्याने पाणी चढतं. ५८ फुटांत अँटेना धरली आहे का ते पाहा. मायामीचा ज्युलिया टटल पूल मात्र ५६ फूटच, तो तुम्हाला जमणार नाही. त्याच्या उत्तरेच्या पोर्ट एव्हरग्लेड्स बंदरातून समुद्रात उतरा आणि गव्हर्नमेंट कट या मायामीच्या बंदरवाटेने आत या. उघडणाऱ्या पुलांना व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनात व्हीएचएफ रेडिओच्या चॅनेल १३ वर हाक द्या, पुढे ९ वर.

खरी परीक्षा जॉर्जियात. हेल गेट, लिटल मड रिव्हर आणि जेकिल क्रीक इथे गाळ साचतो. अर्धी भरती झाल्यावर, पाणी चढत असतानाच शिरा; टेकलात तरी तेच पाणी उचलून देईल. रुतल्यावर इंजिन रेटत बसू नका, इंजिन थंड ठेवायला बाहेरचं पाणी ओढणारा पंप गाळ ओढून घेतो.

प्रश्न : दोन-तीन तास चालल्यावर इंजिन तापतं. काय बघावं?

उत्तर : आधी एक्झॉस्टमधून पाणी नीट पडतंय का ते बघा. कमी असेल तर इंजिन बंद करा, समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा आणि गाळणी उघडा. गवत नाहीतर प्लास्टिक सापडतं. गाळणी साफ निघाली तर पंपाचं झाकण काढून रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, तपासा. त्याची पाती मोजा. एखादं तुटलेलं असेल तर नवा इम्पेलर बसवून काम संपत नाही. तुटका तुकडा पुढे जाऊन हीट एक्स्चेंजरच्या (इंजिनाची उष्णता या पाण्यात सोडणाऱ्या भागाच्या) तोंडाशी अडकतो आणि इंजिन पुन्हा तापतं. पाइप काढा, सगळे तुकडे जुळेपर्यंत शोधा. सुटे इम्पेलर दोन, झाकणाच्या गॅस्केटसह ठेवा. डिझेलचे फिल्टर जास्तच घ्या, कारण लाटांनी टाकीच्या तळाचा गाळ ढवळला जातो. प्रवासात इंजिन पावणेदोनशे तास चालेल, त्यामुळे ऑइल वाटेतच बदलावं लागेल.

प्रश्न : नांगराची साखळी किती सोडावी?

उत्तर : खोलीच्या पाचपट, पण खोली भरतीची. जॉर्जियात ओहोटीला ८ फूट पाणी, वर ८ फूट भरती, होडीचं पुढचं टोक पाण्यापासून ४ फूट : एकूण २०, म्हणजे साखळी १०० फूट. ओहोटीचे ८ फूट बघून ६० सोडली तर भरतीला ती तिपटीवर येते आणि नांगर घसरतो. प्रवाह सहा तासांनी उलटतो, होडी पूर्ण फिरते. तेवढी जागा चहूबाजूंनी मोकळी हवी.