जुन्या मराठी फाइल आता वाचता का येत नाहीत?

वीस वर्षांपूर्वी टंकलेखन केलेली मराठी फाइल नव्या संगणकावर उघडल्यास इंग्रजी अक्षरांची खिचडी का दिसते, असा आपला प्रश्न आहे. फाइल बहुधा शाबूत असते. कालबाह्य झालेला असतो तो फॉन्ट.

कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले होते, म्हणजे संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी कधी नव्हताच. त्यात ‘किती’ हा शब्द ‘एफ, डी, आर, एच’ या चार इंग्रजी अक्षरांच्या रूपात साठवला जातो आणि फॉन्ट नसेल तर तीच चार अक्षरे समोर येतात. अनेक फॉन्टची मांडणीही वेगवेगळी असल्याने एकाचा मजकूर दुसऱ्यात लावून भागत नाही.

युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतील प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी सामायिक पद्धत; तिच्यात देवनागरी 1991 पासून आहे. तरीही छपाईच्या कामात, विशेषतः पेजमेकर या पानांची मांडणी करण्याच्या सॉफ्टवेअरवर, जुनेच फॉन्ट दीर्घकाळ चालले. त्या पेजमेकरची शेवटची आवृत्ती 2001 सालची, त्यामुळे तेथे फॉन्टबरोबर फाइलचा प्रकारही मागे पडला.

परिवर्तक, म्हणजे जुन्या फॉन्टमधील अक्षरे बदलून देणारे सॉफ्टवेअर, वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो, मात्र मूळ फॉन्टचे नेमके नाव माहीत हवे. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर साठवला जातो, युनिकोडमध्ये हा क्रम उलटा असतो. म्हणून ‘र्वाषिक’ की ‘वार्षिक’ असे घोळ शोधण्यासाठी रूपांतरानंतर मुद्रितशोधन करावेच लागते. मूळ छापील प्रत असल्यास ती रद्दीत देऊ नये.