पाणी सरकारनेच नासवलं, मग सरकारच्या बाजूने कसं उभं राहायचं?

प्रश्न: ताई, माझी भाची अमेरिकेतच जन्मली, आता तिकडे लॉ करतेय, पर्यावरण हाच विषय. तिकडच्या जस्टिस डिपार्टमेंटमध्ये प्रदूषणाच्या केसेस लढायची संधी आहे पण ती सरकारच्या बचावाची. घरात सगळे म्हणतात सरकारी नोकरी आहे, डोळे मिटून घे. ती म्हणते विषारी पाणी प्यायलेल्या माणसांसमोर मी कुठल्या तोंडाने उभी राहू?

उत्तर: आधी तिला विचारा नक्की कुठल्या सेक्शनला, कारण तिथल्या पर्यावरण विभागात एक सेक्शन प्रदूषण करणाऱ्या कंपन्यांवर केस टाकतो आणि दुसरा सरकारचा बचाव करतो, आणि आजारपणाची भरपाई मागणाऱ्या केसेस तर त्याच डिपार्टमेंटचं सिव्हिल डिव्हिजन बघतं.

आता लोकांना वाटतं सरकारी वकील उठून सांगतो की पाणी स्वच्छ होतं. तसं नसतं हो. कॅम्प लेजून घ्या, नॉर्थ कॅरोलिना राज्यातला मरीन कॉर्प्सचा, म्हणजे अमेरिकी सैन्यातल्या एका दलाचा, तळ. 1953 ते 1987 तिथल्या पिण्याच्या पाण्यात घातक रसायनं होती, काही तळावरूनच झिरपलेली, काही शेजारच्या ड्रायक्लीनरची. मे 1982 ला एका नळाच्या पाण्यात टीसीई हे त्यातलंच एक घातक रसायन निघालं 1,400 पार्ट्स पर बिलियन, म्हणजे अब्जात 1,400 भाग, आजची मर्यादा 5 आहे! पण वकील म्हणणार, तेव्हा ही मर्यादा होती कुठे? आणि त्याच्याही आधी म्हणणार, केसच चालत नाही. सरकारच्या धोरणात्मक निर्णयावर दावा लागत नाही, सैनिकाला ड्युटीशी संबंधित इजेसाठी सरकारवर केस करता येत नाही, आणि त्या राज्याच्या कायद्याने शेवटच्या कृतीनंतर 10 वर्षांनी दावा संपतो, मग कॅन्सर 25 वर्षांनी का कळेना. 2016 ला जॉर्जिया राज्यातल्या फेडरल म्हणजे केंद्रीय कोर्टाने अशाच मुद्द्यांवर केसेस काढून टाकल्या, 2019 ला अपीलमध्येही तेच. म्हणजे कोण कशाने आजारी पडलं यावर साक्षीपुरावे व्हायच्या आधीच सरकार जिंकलं. कायद्याने बरोबर, पण झोप लागेल का हे भाचीने स्वतःला विचारावं.

मग ऑगस्ट 2022 ला काँग्रेसने, म्हणजे तिकडच्या संसदेने, कायदाच बदलला. आता आजार पाण्यामुळे झाल्याची शक्यता निदान निम्मी-निम्मी आहे एवढं दाखवलं तरी पुरतं, आणि 2023 ला सरकारने ठराविक आजारांसाठी 1 लाख ते साडेपाच लाख डॉलरची तडजोडही पुढे केली. तरी बाकीच्या केसेस लढल्या जातातच, आणि खरं काम इथे आहे. माणूस तळावर किती महिने राहिला, सिगरेट ओढायचा का, जुन्या काळात पाण्याची तपासणीच झालेली नाही तेव्हा त्या वर्षांचे आकडे कॉम्प्युटर मॉडेलने काढायचे आणि दोन्हीकडच्या एक्स्पर्टनी त्यावर दिवसेंदिवस भांडायचं. मला विचाराल तर हे काम वाईट नाही, पैसा करदात्यांचा आहे, आणि खोटा दावा निघाला तर खऱ्या माणसाची रांग लांबते.

इंटरव्ह्यूमध्ये एकच विचारायला सांगा, तडजोड करावी असं ज्युनियरला वाटलं तर ते वरपर्यंत लेखी पोचवता येतं का, कारण निर्णय तिच्या हातात नसणार. उत्तर गुळमुळीत आलं, किंवा केमो चालू असलेल्या माणसाला सिगरेटवरून उलटे प्रश्न विचारणं तिच्याने होणारच नसेल, तर कंपन्यांवर केस टाकणाऱ्या सेक्शनला अर्ज करू दे. तीही सरकारी नोकरीच आहे, घरचेही खूश.